वळवाच्या लोंढ्यात फरशी पुलावर पाणी किती, हे काठावरूनच ओळखा

वळीव वर डोंगरात कोसळतो, आपल्याकडे थेंबही नसतो, आणि थोड्याच वेळात ओढ्याचं गढूळ पाणी फरशी पुलावरून वाहू लागतं. गढूळ पाण्याची खोली नुसत्या नजरेला कळत नाही. म्हणून एप्रिलमध्येच, ओढा कोरडा असताना, ग्रामपंचायतीला विचारून एवढं करून ठेवा.

१. पूल जिथे सर्वांत खोलगट आहे, तिथला कडेचा खांब निवडा. खांब नसेल तर लोखंडी पाइप पक्का रोवा.
२. फरशीपासून टेपने मोजून १५ सेंमीवर पिवळा आणि ३० सेंमीवर लाल पट्टा ऑइलपेंटने मारा. पट्टे हातभर रुंद नकोत, पण दोन्ही काठांवरून दिसायलाच हवेत.
३. पाणी पिवळ्या पट्ट्याला टेकलं की पायी उतरू नका, दुचाकीही घालू नका. एवढं वाहतं पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. लालपर्यंत आलं तर लहान चारचाकीही वाहून जाऊ शकते.

पट्टा फक्त खोली सांगतो. पाण्याखालची फरशी खचली आहे का, ते त्यावरून कळत नाही. म्हणून रात्री, किंवा पाण्यातून काटक्या-पालापाचोळा येऊ लागला असेल तर, पट्टा कोरडा दिसला तरी थांबा.