रीफ टँकचे खरे रंग फोटोत कसे आणायचे?

घरच्या रीफ टँकचा, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा, फोटो काढला की सगळं निळंशार दिसतं आणि प्रवाळांचे हिरवे-केशरी रंग गायब होतात. टँकवरच्या एलईडीत निळा प्रकाश इतका जास्त असतो की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने रंग आपोआप जुळवणं) तिथे हात टेकतो. फोटोपुरता एलईडीचा निळा चॅनल कमी करून पांढरा वाढवा. तशी सोय नसेल तर लेन्ससमोर केशरी-पिवळा फिल्टर धरा, मोबाइलवरही लगेच फरक दिसतो.

आधी काच आतून-बाहेरून पुसा आणि खोलीतले दिवे घालवा. लेन्स काचेच्या अगदी समोर, काटकोनात ठेवा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जरा तिरकी धरली की जाड काचेतून येणारा प्रकाश वाकतो आणि झोअँथिडच्या (प्रवाळांसारख्या छोट्या, फुलासारख्या जिवांच्या) नाजूक झालरीची कडा पुसट होते.

प्रवाळ टिपताना वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) पाचेक मिनिटं बंद ठेवा, म्हणजे पॉलिप (प्रवाळाचे छोटे, फुलासारखे जीव) डोलायचे थांबतात. मोबाइलवर टायमर लावा, कारण पाणी हलतं राहिलं तरच माशांना पुरेसा ऑक्सिजन मिळतो. क्लाउनफिश मात्र एका जागी थांबत नाही. त्याच्यासाठी शटर १/१२५ सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि फोकस डोळ्यावर घ्या.