जांबाचे बार: सारण आटवा, वास नेमका निवडा

थंडीत बाजारात जांब (पेरू) येतात तेव्हा बारसाठी, म्हणजे बिस्किटासारख्या थरावर फळाचं सारण पसरून ओव्हनमध्ये भाजलेल्या तुकड्यांसाठी, हेच फळ घ्यावं. यात पेक्टिन भरपूर असल्यामुळे सारण कॉर्नफ्लोअरशिवाय घट्ट होतं. जांब पिवळे पडलेले आणि वास सुटलेले निवडा.

600 ग्रॅम जांबाच्या फोडी दीड वाटी पाणी घालून कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत मऊ करा. आता मिक्सरकडे हात नेऊ नका. मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि सारण दाताखाली कचकच लागतं, मग ते गाळूनही सुधारत नाही. मॅशरने ठेचून स्टीलच्या चाळणीतून घासून काढा. त्या गरात 120 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत आटवा. लोखंडी कढई नको, लिंबामुळे रंग काळपट होतो. चमच्याने सारण बाजूला सारलं की कढईचा तळ दिसावा आणि क्षणभर तसाच राहावा. साधारण 450 ग्रॅम उरलं की गॅस बंद. इथे घाई केली की बार कापताना सारण बाहेर येतं आणि खालचा थर गिचगिचीत होतो. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच.

खालच्या थरासाठी मैदा आणि कणीक प्रत्येकी 100 ग्रॅम, पिठीसाखर 80 ग्रॅम, पाव चमचा मीठ आणि 120 ग्रॅम गार बिनमिठाचं बटर. बटर नसेल तर 95 ग्रॅम घट्ट तूप आणि चमचाभर गार पाणी चालेल. बटरमध्ये पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून वजन कमी धरायचं. बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करा, मळू नका, नाहीतर थर चिवट होतो. मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात बटर हातातच वितळतं, तेव्हा पीठसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

20 सेंमीच्या चौकोनी ट्रेमध्ये बटरपेपर दोन बाजूंनी बाहेर येईल असा घाला. दोन तृतीयांश मिश्रण वाटीच्या बुडाने दाबून बसवा, काट्याने टोचा आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 15 मिनिटं भाजा. मग गार सारण पसरा, उरलेल्या मिश्रणात 40 ग्रॅम ओट्स मिसळून वर भुरभुरा आणि 25 ते 30 मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत भाजा. निदान दोन तास गार झाल्याशिवाय सुरी लावू नका.

आता वासाचं. जांबाला स्वतःचा वास दांडगा आहे, त्यात वेलची घातली की दोन्ही भांडतात. त्याला अर्धा चमचा सुंठ किंवा भाजून जाडसर कुटलेली बडीशेप जमते. शिवाय चिमूटभर लाल तिखट घालून बघा. जांबाला तिखट-मीठ लावून खाणाऱ्यांना हे सांगायला नको. मसाला गॅस बंद केल्यावरच घाला, उकळताना सुगंध उडून जातो.

हाच साचा इतर फळांना जसाच्या तसा चालत नाही. केशर आंब्याच्या 450 ग्रॅम रसाला साखर 60 ग्रॅम पुरते, पण दीड टेबलस्पून कॉर्नफ्लोअर लागतं. वास म्हणून वेलची किंवा जायफळ, दोन्ही एकदम नको. जालन्याची मोसंबी असेल तर तिच्या सालीचा फक्त वरचा पातळ थर किसून साखरेत चोळा आणि ती साखर खालच्या थराला वापरा. पांढरा भाग आला की कडू. रस आटवायच्या भानगडीत पडू नका, तोही कडवट होतो.

बीडकडचं सीताफळ तर ओव्हनमध्ये घालूच नका, तापवलं की गर कडसर होतो. त्यासाठी ट्रेमध्ये अर्ध्या मापाच्या मिश्रणाचा नुसता खालचा थर 25 मिनिटं भाजून पूर्ण गार करा. 250 ग्रॅम बिया काढलेला गर, 200 ग्रॅम चांगला निथळलेला चक्का आणि 50 ग्रॅम पिठीसाखर एकत्र करून वर पसरा, चार तास फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. जांबाचे बार मात्र बंद डब्यात फ्रीजमध्ये चार दिवस टिकतात.