झाडीतल्या अवघड डिस्क गोल्फ कोर्सवर ड्रायव्हर बॅगेतच ठेवा

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिसबीसारखी डिस्क कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकायचा खेळ. पब्लिक पार्कमधला कोर्स झाडांनी गच्च भरलेला असेल तर लांब फेकायचा मोह सोडा, सरळ मिडरेंज (मध्यम अंतराची डिस्क) किंवा पटर (जवळच्या थ्रोची डिस्क) काढा, कारण ड्रायव्हरला (लांब फेकायच्या डिस्कला) वेग नीट मिळाला नाही तर तो लवकर वळतो आणि थेट झुडपात जातो. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकलात तर डिस्कचा वेग कमी झाल्यावर ती डावीकडे वळते, मग डावीकडे पाणी किंवा ओबी (हद्दीबाहेरचा भाग) असेल तर फोरहँड (त्याच हाताने, तळवा पुढे ठेवून बाजूने) टाका, तो शेवटी उजवीकडे जातो.

डिस्क झाडांमागे अडकली की सगळ्यात जास्त स्कोर तिथेच बिघडतो बघा. बास्केट दिसतेय म्हणून दोन फांद्यांमधल्या वीतभर फटीतून मारायला जाऊ नका, पटर खालून हलकेच सरकवून आधी फेअरवेवर (बास्केटकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्यावर) या, एक थ्रो जातो पण पुढचे दोन-तीन वाचतात. पटिंगला (जवळून बास्केटमध्ये टाकताना) बास्केट उतारावर असेल आणि मागे ओबी असेल तर जोर लावू नका, चुकली तरी डिस्क जवळच पडेल इतपतच टाका. आणि हो, बास्केटपासून १० मीटरच्या आत पट केल्यावर तोल सांभाळून थांबायचं, लगेच पुढे पाऊल टाकलं तर फाऊल धरतात.

पार्क सगळ्यांचं आहे, त्यामुळे आंधळ्या वळणावर कुणालातरी पुढे उभं करा आणि माणसं, लहान मुलं, कुत्री पूर्ण लांब जाईपर्यंत फेकूच नका, कितीही वेळ लागू दे.