बाजारातून माल आल्यावरचे पहिले दोन तास

फुलांच्या दुकानात बुके बांधण्यापेक्षा जास्त वेळ बादल्या घासण्यात, देठ कापण्यात आणि कचरा भरण्यात जातो. हे काम टाळलं की तिसऱ्या दिवशी गुलाब माना टाकतात आणि दोष बाजाराच्या मालाला दिला जातो.

खरेदी मुंबईत दादरला करा की पुण्यात गुलटेकडीला, गड्डी वरून बघून घेऊ नका. गुलाबाची कळी पाकळ्यांच्या बुडाशी दोन बोटांत हलकेच दाबा. घट्ट लागली तर ताजी, मऊ लागली तर शिळी. झेंडूच्या गोणीत हात तळापर्यंत घाला. आत गरम लागलं तर माल तापलाय, संध्याकाळपर्यंत काळा पडेल. पावसात भिजलेला झेंडू वजनावर घेणं म्हणजे पाण्याचे पैसे मोजणं. दसऱ्याच्या गर्दीत हेच सगळ्यात जास्त फसवतं.

बादल्या आदल्या रात्रीच तयार हव्यात. साबण आणि ब्रशने आतून घासा, मग लिटरभर पाण्यात 10 मिली घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ठेवा आणि खळखळून धुवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बादलीला हात लावून बुळबुळीत लागलं, तर तो जिवाणूंचा थर असतो. तेच जिवाणू देठाच्या नळ्या बंद करतात आणि भरल्या पाण्यात फूल तहानेनं सुकतं.

दुकानात आल्यावर पहिलं काम झेंडू आणि शेवंती सावलीत ओल्या नव्हे, कोरड्या कापडावर पातळ पसरण्याचं. ढिगात फुलांची स्वतःची उष्णता कोंडते, म्हणून हे काम नंतरवर टाकता येत नाही. मोगरा ओलसर कापडात ठेवा. बर्फ वापरलात तर तो गुंडाळून बाजूला ठेवा, कळीला चिकटला की डाग पडतो.

मग गुलाब. पाण्यात बुडेल तेवढ्या भागाचीच पानं काढा. काटे लोखंडी चिमट्याने खरवडून काढले की साल सोलली जाते आणि तिथूनच देठ सडायला लागतो, त्यामुळे हाताला लागतील तेवढेच काटे काढा. धारदार कात्रीने किंवा सुरीने देठ 2 ते 3 सेंटिमीटर तिरका कापा आणि लगेच 10 ते 15 सेंटिमीटर पाण्यात उभा करा. कापून टेबलावर ठेवला आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तर देठात हवा शिरते. पुन्हा कापावा लागेल. जरबेऱ्याला मात्र 5 ते 7 सेंटिमीटरच पाणी द्या, त्याचा लवदार, मऊ देठ खोल पाण्यात कुजतो.

पाणी रोज बदला. फुलं टिकवायची तयार पावडर वापरायची तर पाकिटावरच्या प्रमाणातच. बचत म्हणून निम्मी घातली तर तिच्यातली साखर जिवाणूंना मिळते आणि त्यांना मारणारं औषध कमी पडतं. त्यापेक्षा साधं स्वच्छ पाणी चांगलं.

फ्रिज असेल तर गुलाब आणि कार्नेशन त्यात ठीक राहतात. अँथुरियम आणि ऑर्किड मात्र बाहेरच ठेवा, थंडीनं त्यांच्यावर तपकिरी डाग येतात. फ्रिजमध्ये डब्यासोबतची केळी किंवा सफरचंदं नकोत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटतात.

आता हिशेब. समजा 20 गुलाबांची गड्डी 200 रुपयांना पडली आणि त्यातली तीन फुलं मोडली किंवा सुकली. तुमचा गुलाब 10 रुपयांचा नाही, पावणेबारा रुपयांचा झाला. भाडं, दोरा, सजावटीचा कागद त्यावर वेगळे. वाया गेलेली फुलं रोज वहीत लिहा, म्हणजे कुठल्या वारी किती गड्ड्या जास्त येतात ते महिन्याभरात दिसतं.

शरीराकडेही बघायला हवं. दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोंची असते, ती अर्धीच भरा आणि गुडघे वाकवून उचला. काटा खोल गेला तर जखम लगेच धुवा. गुलाबाच्या काट्यातून बुरशीचा संसर्ग त्वचेखाली जाऊ शकतो. गाठ आली किंवा जखम आठवड्यात भरली नाही, तर डॉक्टरांना काट्याचं आवर्जून सांगा.

बुकेचा हिरवा फोम पाण्यात दाबून बुडवायचा नसतो. तो तरंगत ठेवला की आपोआप बुडतो. दाबला तर मध्यभागी कोरडा राहतो आणि त्यात खोचलेली फुलं दुपारीच सुकतात. वापरलेला फोम कुजत नाही, त्यामुळे तो सुक्या कचऱ्यात टाका. जुने हार ओल्या कचऱ्यात देण्याआधी त्यांतले दोरे, जरीचे धागे आणि प्लॅस्टिकचे मणी कापून काढा. खत करणाऱ्यांच्या यंत्रात दोरा गुंडाळला की यंत्र बंद पडतं.