पिकअप बदलण्याआधी: व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर गिटारचा आवाज कसा लावावा

आवाज पातळ लागतो म्हणून नवा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा चुंबक आणि गुंडाळीचा भाग) मागवायचा, बसवायचा, आणि फरक जेमतेमच पडला की हिरमुसायचं, हे फार होतं. पिकअप एकटा वाजत नाही. त्याची गुंडाळी, गिटारवरचा व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर), केबल आणि अ‍ॅम्पचा पहिला व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) हे चौघं मिळून एक सर्किट होतं. त्यातलं बरंच काही एका स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतं. म्हणून आधी ते करा, खर्च शेवटी.

हाताशी एवढं ठेवा: बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, ३ मीटर आणि ६ मीटरची एकेक शील्डेड केबल, आणि १.६, २ व २.४ मिमीचे ड्रिल बिट. ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा तारेखालची फट मोजायला पट्टीपेक्षा सोपा पडतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना ही युक्ती नवी नसावी.

ओहमच्या आकड्याला भुलू नका

साध्या सिंगल कॉइलमध्ये (एका गुंडाळीच्या पिकअपमध्ये) ४२ गेजच्या, केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. मल्टिमीटर त्यावर ६ किलोओहमच्या जवळपास दाखवतो. जुन्या धाटणीच्या हमबकरवर (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपवर) ८ च्या आसपास दाखवतो. हा आकडा सांगून ‘हॉट’, म्हणजे जास्त ताकदीचे, पिकअप विकले जातात, पण त्यावरून आवाज कळत नाही. तार आणखी बारीक घेतली तरी ओहम वाढतातच. बघायचा तो इंडक्टन्स (गुंडाळीचा बदलत्या विजेला होणारा विरोध, हेन्रीत मोजतात): स्ट्रॅटोकास्टर प्रकारच्या सिंगल कॉइलला २ ते २.५ हेन्री, जुन्या धाटणीच्या हमबकरला ४ ते ५ हेन्री.

आता केबल. चांगल्या शील्डेड केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) असतो. गुंडाळी आणि केबल मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला आवाजाचा उंचवटा तयार करतात, आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. २.२ हेन्रीचा पिकअप, ६ मीटर केबल आणि गुंडाळीचे स्वतःचे शंभरेक पिकोफॅरॅड धरले तर हा उंचवटा ४००० हर्ट्झजवळ येतो. तोच पिकअप ३ मीटर केबलवर ५४०० च्या आसपास जातो. ४.५ हेन्रीचा हमबकर ६ मीटरवर २८०० ला येतो. हमबकर जाड वाजतो यामागे त्याच्या ताकदीइतकाच या २८०० चा हात आहे. दोन्ही केबल एकाच गिटारला आलटून पालटून लावा, टोन पूर्ण उघडा ठेवा. फरक कानाला पहिल्याच कॉर्डला कळेल. छेडलेला आवाज टोचत असेल तर लांब केबल हे सगळ्यात स्वस्त औषध आहे.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प हा उंचवटा दाबत नाही, कारण त्याच्या इनपुटचा रोध १ मेगाओहम असतो. जुन्या फेंडर धाटणीच्या अ‍ॅम्पला दोन इनपुट असतात. त्यातल्या ‘लो’ इनपुटचा रोध फक्त १३६ किलोओहम असतो आणि सिग्नलही निम्मा होतो. तिथे उंचवटा दबतो आणि गिटार घोंगडी पांघरल्यासारखी वाजते. बऱ्याच जणांनी नुसती चुकीची भोकं धरून पिकअपला दोष दिलेला असतो. शिवाय पहिल्या १२एएक्स७ व्हॉल्व्हच्या आतला जेमतेम दीड-पावणेदोन पिकोफॅरॅडचा कपॅसिटन्स त्याच्या साठेक पटीच्या प्रवर्धनाने वाढून शंभरेकच्या घरात जातो. म्हणजे अ‍ॅम्पमध्येच आणखी एक मीटर केबल आहे असं समजा.

उंची: इथे घाई करायची नाही

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना धागा किती जपून सरकवतो, तितक्याच जपून हे करायचं. आधी तारा नव्या लावा, सुरात लावा, आणि हे काम उंची बदलण्याच्या आधी झालेलं असू द्या. मग शेवटच्या फ्रेटवर जाड ई तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या लोखंडी खुंटापर्यंत अंतर मोजा. सिंगल कॉइलला सुरुवात जाड तारेकडे २.४ मिमी, बारीक तारेकडे २ मिमी. हमबकरला ब्रिजकडे (तारा टेकतात त्या घोडीकडे) १.६, नेककडे (दांडीकडे) २.४. तिथून एकेका स्क्रूला अर्धा फेरा देत जा, प्रत्येक वेळी तीच कॉर्ड त्याच जोराने वाजवा.

सिंगल कॉइल जवळ आणण्याची हौस आवरा. त्याचे खुंट म्हणजेच चुंबक असतात आणि ते तार ओढतात. नेकच्या पिकअपवर जाड ई बाराव्या फ्रेटच्या पुढे बेसूर लागली, स्वर डोलू लागला, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरच्या सुराची जुळणी) कितीही लावलं तरी जुळेना, तर खुंटीची चूक नाही. पिकअप १ मिमी खाली करा. हमबकरमध्ये चुंबक तळाशी आडवा असतो, ओढ कमी, म्हणून तो जवळ चालतो.

नेकचा पिकअप ब्रिजपेक्षा खाली हवा, कारण तिथे तारेची झेप मोठी असते. दोन्ही सारख्या उंचीवर ठेवले तर स्विच फिरवताच नेक गढूळ आणि मोठा, ब्रिज चिरका आणि लहान, असा खेळ होतो.

अ‍ॅम्प लावताना

गिटारचा व्हॉल्यूम ७ वर, टोन १० वर ठेवून सुरू करा. फेंडर धाटणीच्या टोनस्टॅकमध्ये (ट्रेबल, मिडल, बासच्या नॉबांच्या सर्किटमध्ये) तिन्ही नॉब ५ वर म्हणजे सपाट आवाज नाही, मधला पट्टा आधीच खोल खचलेला असतो. सपाटीच्या जवळ जायचं तर मिडल १० वर आणि ट्रेबल, बास २ च्या आसपास. तिथून हवं तेवढं वाढवा. हमबकरला बास २ च्या वर नेण्याआधी दोनदा विचार करा: अ‍ॅम्प फाटू लागला, म्हणजे आवाज खरखरू लागला, की हाच बास आधी भरतो आणि कॉर्डचा लगदा होतो.

पहिल्या व्हॉल्व्हचं ग्रिड (सिग्नल जिथे शिरतो ती आतली जाळी) दीड व्होल्टच्या सुमाराला वीज वाहू लागतं आणि तिथून तो फाटू लागतो. सिंगल कॉइल शांत वाजवताना एक-दोन दशांश व्होल्टमध्ये राहतो, जोरात मारला तरी पहिला व्हॉल्व्ह सहसा स्वच्छ राहतो आणि फाटतो तो दुसरा किंवा शेवटचा. ताकदवान हमबकर पहिल्यालाच गाठू शकतो. म्हणून एकाच नॉबच्या जागी दोन्ही गिटार वेगळ्या फाटतात. एकीचा जोर जिथे मोकळा होतो तिथे दुसरी दबून गुरगुरते. हमबकरवर मोकळेपणा हवा असेल तर पिकअप अर्धा मिमी खाली घ्या किंवा गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणा, नॉब तसाच राहू द्या.

गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवतो ते) किती? जोरात मारल्यावर कॉर्ड जरा खरखरली आणि हलकं वाजवल्यावर स्वच्छ झाली, तिथे थांबा. पुढचं काम गिटारच्या व्हॉल्यूमवर सोडा. व्हॉल्व्हची खरी मजा इथेच आहे. व्हॉल्यूम ५ वर आणल्यावर आवाज मंद झाला तर पॉट आणि केबल मिळून ट्रेबल खात आहेत: पॉटच्या इनपुट आणि मधल्या टोकात ६८० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. पॉट सिंगल कॉइलला २५०, हमबकरला ५०० किलोओहम. २५० वर हमबकर मंद, ५०० वर सिंगल कॉइल काचेसारखा टोकदार.

गल्लीतल्या घरात दोन ईएल८४ व्हॉल्व्हचा १५ वॅट अ‍ॅम्प पूर्ण उघडणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. ५ वॅटचा घेऊनही फार निसटता येत नाही, कारण वॅट निम्मे केले तर आवाज फक्त ३ डेसिबल उतरतो. मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी करणारा नॉब) नसेल तर अ‍ॅटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि स्पीकरमध्ये बसून ताकद जिरवणारा डबा) हवा, पण त्याचे ओहम स्पीकरशी जुळले पाहिजेत आणि वॅट अ‍ॅम्पच्या दुपटीपेक्षा जास्त हवेत.

आणि एक नियम पाठच करा: स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालू करायचा नाही. भार नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर जाळू शकतो. स्पीकरला गिटारची शील्डेड केबल लावू नका, १.५ चौरस मिमीची साधी दोन तारांची वायर वापरा.

घूं कुठून येते

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. घूं थांबली तर गिटारने पकडलेली आहे, राहिली तर अ‍ॅम्पची किंवा विजेची. सिंगल कॉइलचं ५० हर्ट्झचं मंद गुणगुणणं दिशेनुसार बदलतं: खुर्चीवर बसल्या बसल्या फिरा, एका कोनात ते खूप कमी होतं. तेच दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून मारणारा पिकअप म्हणजे हमबकर. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्ट्रॅटोकास्टरमधला मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर स्विचच्या २ आणि ४ या जागांवरही घूं मरते. १०० हर्ट्झची जाड, कापरी घूं मात्र अ‍ॅम्पच्या फिल्टर कपॅसिटरची (आतली वीज सपाट करणाऱ्या भागाची) असते, ती पिकअप बदलून जाणार नाही.

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागमध्ये राहणाऱ्यांना पावरलूमच्या मोटारींची टकटक आणि करकर वेगळी सांगायला नको. ती विजेच्या लाइनवरूनही येते आणि हवेतूनही. गिटारच्या आतली पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने मढवून ती पट्टी ग्राउंडला जोडा. हवेतून येणाऱ्या करकरीवर याचा उपयोग होतो, ५० हर्ट्झच्या चुंबकी घूंवर जवळजवळ नाही. गणपतीच्या मंडपात रोषणाईचे डिमर आणि एलईडीचे स्वस्त अ‍ॅडॉप्टर असतात तिथेही तेच. अ‍ॅम्प त्या बोर्डावरून घेऊ नका.

मंडपात त्याहून महत्त्वाचं: गिटारचा अ‍ॅम्प आणि गायकाच्या माइकचा मिक्सर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवरून घ्या. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि एक माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टच्या वर काही दाखवलं तर माइकला ओठ लावायचे नाहीत. घरी सॉकेटमध्ये फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. घूं कमी व्हावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढणं म्हणजे तारांना हात लावून जुगार खेळणं.

लाईट गेली आणि घरच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावला, तर चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर कर्कश करकर करतो आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरही तापतो. शुद्ध साइन लाटेचा असेल तरच लावा. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात आणि दहा टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे भिंतीत २०७ ते २५३ व्होल्ट. खेड्याकडे संध्याकाळी १९० पर्यंत उतरत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर आवाज मरगळलेला लागतो आणि पिकअपवर संशय जातो. परदेशातून आणलेला अ‍ॅम्प फक्त ६० हर्ट्झसाठी असेल तर १२० व्होल्टचा कन्व्हर्टर लावूनही आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. तासाभराने हात लावून पाहा.

शीळ आणि पाऊस

अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की शीळ वाजते. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करूनही ती राहिली तर व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक (धक्क्याने स्वतःच वाजणारा) आहे. चालू अ‍ॅम्पच्या १२एएक्स७ ला लाकडी पेन्सिलने हलकं टकटक करा, स्पीकरमधून घणघणलं तर तोच दोषी. शून्यावर शीळ थांबली तर पिकअपची गुंडाळी सैल आहे. उपाय मेणाचा: चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ६० ते ६५ अंशांवर वितळवा, थर्मामीटर आतच राहू द्या. पिकअप त्यात बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. ७० च्या वर गेलं तर प्लास्टिकची बॉबिन (गुंडाळीची रीळ) वाकते. भांडं थेट शेगडीवर ठेवायचं नाही, मेण पेट घेतं.

खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात लोखंडी खुंटांवर गंज चढतो. त्याने आवाज लगेच बिघडत नाही, पण गंजाचं पाणी वेढ्यांत शिरलं की तार तुटते आणि मीटर अनंत दाखवतो. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसात बंद पडून राहिलेला अ‍ॅम्प चालू केल्यावर खरखरत असेल तर वीस मिनिटं तापू द्या. अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमचा पॉट क्लीनर मारूनही खरखरत राहिला तर आतला कपलिंग कपॅसिटर (दोन टप्प्यांमध्ये डीसी अडवणारा) डीसी झिरपू देतोय. तो बदलायला आत हात घालावा लागतो, आणि आत २५० ते ४५० व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाकडे द्या.

एवढं सगळं करूनही ब्रिजवर ट्रेबल टोचत असेल आणि नेकवर आवाज भरत नसेल, तेव्हा नवा पिकअप घ्या. विकणाऱ्याला ओहम नव्हे, हेन्री विचारा. चार तारांचा हमबकर असेल तर रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. मीटरने जोड्या शोधा: दोन रंगांमध्ये ४ किलोओहमच्या आसपास आले तर ती एक गुंडाळी. सुटे भाग बेळगावात मिळाले नाहीत तर बेंगळूरचा एस. पी. रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा. काढलेल्या जुन्या पिकअपची तार आखूड कापू नका, टोकाला चिकटपट्टी लावून पिशवीत घाला आणि पिशवीवर ब्रिज की नेक ते लिहा.