माशांच्या टाकीतला लाईट फार भगभगतोय? असा कमी करा
माझा बेट्टा मासा लाईट लागला की हीटरच्या मागे जाऊन बसायचा, रंगही फिका पडलेला, आणि आठवड्याभरात काचेवर हिरवं शेवाळ, तेव्हा कळलं की नवीन एलईडी त्या २ फुटी टाकीला जास्तच होतोय. आधी तास कमी करा, १०-१२ तास कशाला, ६-७ भरपूर झाले, साधा प्लगचा टायमर लावून टाका. मग लाईट १०-१५ सेंटीमीटर वर उचला, टांगला तर पक्का टांगा हं, पाण्यात पडला तर शॉकचा धोका आहे. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, त्या लाईटला चालत असेल तरच लावा.

पण सगळ्यात भारी उपाय म्हणजे तरंगणारी झाडं! साल्व्हिनिया किंवा पिस्टिया टाका, पिस्टियाची मुळं झालरीसारखी खाली लोंबतात आणि मासे त्या सावलीत निवांत फिरतात, फक्त अर्ध्याहून जास्त पाणी झाकू देऊ नका, वाढलेली काढत राहा आणि ती तळ्यात, नाल्यात अजिबात टाकू नका प्लीज, तिथे ती भराभर पसरतात, कुंडीत खत म्हणून घाला.

खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा. आणि अंधारात टाकीचा लाईट एकदम लावू नका, मासे दचकतात, आधी खोलीतला लावा.