दोन ओळींचा एलसीडी, लायब्ररीशिवाय

माझा रास्पबेरी पाय, म्हणजे एक छोटासा संगणक, कपाटाच्या वर पडून असतो. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. घरातल्या फायलींची दुसरी प्रत सांभाळायची, एवढंच त्याचं काम. राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की पायचा आयपी पत्ता बदलायचा, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याला नेटवर्कवर हुडकत बसायचो. शेवटी खणात पडलेला १६ बाय २ चा एलसीडी, म्हणजे १६-१६ अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारी छोटी स्क्रीन, काढला आणि ठरवलं, पायने स्वतःचा पत्ता स्वतःच सांगावा.

पहिल्यांदा तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, वापरली. पाच मिनिटांत अक्षरं उमटली. मग एके दिवशी प्रोग्रॅम मध्येच कंट्रोल-सी दाबून थांबवला, परत चालू केला, तर स्क्रीनवर नुसता गिचमिड मजकूर. लायब्ररी आतमध्ये काय करते हे माहीत नसल्यामुळे मी करणार काय, तर वायर हलवून बघणार. तेव्हा कंटाळून सगळं हाताने लिहिलं. साठेक ओळी झाल्या, आणि त्या लिहिताना जे कळलं ते इथे सांगतो.

या डिस्प्लेच्या पाठीवर जे काळे ठिपके असतात, त्यांच्याखाली हिताचीच्या एचडी४४७८० चा किंवा त्याच्या एखाद्या नकलेचा कंट्रोलर असतो. ही १९८०च्या दशकातली चीज आहे. डिस्प्लेला १६ पिना. बहुतेक मॉड्यूलांना आता मागे एक छोटी पट्टी सोल्डर करून येते, तिच्यावर पीसीएफ८५७४ नावाची चिप असते आणि बाहेर फक्त चार पिना: ग्राउंड, ५ व्होल्ट, एसडीए, एससीएल. शेवटच्या दोन आय-टू-सीच्या, म्हणजे दोन तारांवरून बोलण्याच्या पद्धतीच्या: एसडीए डेटाची, एससीएल ठेक्याची. ही पट्टी असलेलंच मॉड्यूल घ्या. नसेल आणि एलसीडी थेट पायला जोडणार असाल, तर आरडब्ल्यू ही (वाचायचं की लिहायचं ते ठरवणारी) पाचवी पिन न चुकता ग्राउंडला बांधा. ती मोकळी किंवा वर राहिली तर एलसीडी स्वतः डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट टाकू शकतो, आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या पुढे सहन करत नाहीत.

जोडणी पाय बंद करून करायची. ४० पिनांच्या पायवर पिन २ म्हणजे ५ व्होल्ट, ६ ग्राउंड, ३ एसडीए, ५ एससीएल. आता यात एक मेख आहे. पट्टीवर एसडीए आणि एससीएल या दोन्ही तारांना ५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर असतात, तर पायवर त्याच तारांना ३.३ व्होल्टकडे ओढणारे १.८ किलो-ओहमचे. पट्टीवरचे ४.७ किलो-ओहमचे धरले तर तार मोकळी असताना हिशेबाने पावणेचार व्होल्टच्या आसपास थांबते. अनेकजण असंच थेट जोडतात आणि चालतंही. मला ते रुचत नाही. पट्टीवरचे रेझिस्टर काढून टाकले तर पाय सुरक्षित, पण ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला ‘एक’ समजायला डेटाशीटप्रमाणे, म्हणजे चिप बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे, ३.५ व्होल्ट लागतात, म्हणजे ३.३ ही काठावरची गोष्ट. मध्ये लेव्हल शिफ्टर (३.३ आणि ५ व्होल्टमधला दुभाषी) टाकला की दोन्ही बाजूंचं भांडण मिटतं. मी तोच टाकलाय.

कोडला हात लावण्याआधी पायच्या रास्पी-कॉन्फिगमध्ये जाऊन इंटरफेसखालचं आय-टू-सी सुरू करा. मग आयटूसीडिटेक्ट ही कमांड बस क्रमांक १ वर चालवा. तक्त्यात एक आकडा दिसायला हवा, बहुधा हेक्स (सोळाच्या पटीतल्या आकड्यांतले) २७ किंवा हेक्स ३एफ. साध्या पीसीएफ८५७४ चे पत्ते हेक्स २० ते २७ आणि नावात शेवटी ‘ए’ असलेल्या चिपचे ३८ ते ३एफ. काहीच दिसलं नाही तर एसडीए-एससीएल उलटे लागलेत का ते आधी बघा.

पत्ता दिसला की अजूनही पायथॉन उघडू नका. आयटूसीसेट कमांडने त्या पत्त्यावर नुसता ० पाठवा. मागचा दिवा विझेल. ८ पाठवा, परत लागेल. म्हणजे पायपासून चिपपर्यंतचा रस्ता धडधाकट आहे, आणि यापुढे काही बिघडलं तर ते चिपच्या पलीकडे.

आता स्क्रीनकडे नीट बघा. दिवा लागलाय आणि बाकी काहीच नाही? पट्टीवरचा निळा चौकोनी प्रीसेट, म्हणजे फिरवता येणारा रेझिस्टर, छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवा. हा कॉन्ट्रास्ट. मी पहिल्या डिस्प्लेला एक अख्खी संध्याकाळ कोडमध्ये चुका शोधत होतो, आणि अक्षरं काचेवर केव्हाचीच उमटलेली होती, फक्त दिसत नव्हती. फिरवता फिरवता वरच्या ओळीत १६ गडद चौकोन दिसले की थांबा. खालची ओळ रिकामी असणारच. वीज मिळाली की हा कंट्रोलर एका ओळीच्या, ८ बिटांच्या अवस्थेत जागा होतो. वरचे चौकोन म्हणजे तो सांगतोय, ‘वीज आली, कॉन्ट्रास्ट आला, पण माझ्याशी अजून कोणी बोललेलं नाही.’

बोलायचं कसं ते बघू. पट्टीवरच्या चिपला आपण चालू-बंद करू शकतो अशा आठ पिना आहेत आणि आपण तिला एका वेळी एक बाइट देतो. बाइटमधला प्रत्येक बिट म्हणजे एक पिन. नेहमीच्या पट्टीवर १ म्हणजे आरएस, २ म्हणजे आरडब्ल्यू, ४ म्हणजे एनेबल, ८ म्हणजे दिवा, आणि वरचे चार बिट म्हणजे डेटाच्या डी४ ते डी७ या तारा. डेटाच्या चारच तारा जोडलेल्या, त्यामुळे प्रत्येक बाइट दोन तुकड्यांत जातो: आधी वरचे चार बिट, मग खालचे चार. आरएस शून्य असेल तर एलसीडी तो हुकूम समजतो, एक असेल तर अक्षर.

रोमन लिपीतलं मोठं ‘ए’ पाठवायचं आहे असं धरा. त्याचा क्रमांक ६५, म्हणजे वरचा अर्धा ४ आणि खालचा अर्धा १. वरच्या अर्ध्याचे ६४, त्यात दिव्याचे ८ आणि आरएसचा १ मिळवला की ७३. आधी ७३ पाठवून तारा मांडायच्या, मग एनेबल उचलून ७७, मग एनेबल खाली आणून परत ७३. एलसीडी डेटा उचलतो तो एनेबल खाली येतानाच्या क्षणी. खालच्या अर्ध्याचे १६ अधिक ९ म्हणजे २५. तेव्हा २५, २९, २५. सहा बाइट गेले आणि ‘ए’ उमटला. पायथॉनमध्ये एसएमबस२ या मॉड्यूलचं एक बाइट लिहिणारं फंक्शन तेवढं वापरायचं, बाकी सगळं हे असं बेरजेचं गणित.

मी तीनच फंक्शनं लिहिली: अर्धा बाइट पाठवणारं, त्याला दोनदा बोलावून पूर्ण बाइट पाठवणारं, आणि ओळ लिहिणारं. पायथॉन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव चालतं, त्यामुळे माझ्याकडे पहिल्याचं नाव चक्क ‘अर्धा’ आहे.

आता त्या गिचमिड मजकुराचं मूळ. प्रोग्रॅम नेमका दोन अर्ध्यांच्या मधोमध मेला, तर एलसीडी दुसऱ्या अर्ध्याची वाट बघत ताटकळत राहतो. नवा प्रोग्रॅम जे पहिलं अर्धं पाठवेल ते त्याला जुन्या बाइटचं उरलेलं अर्धं वाटतं, आणि तिथून पुढची प्रत्येक जोडी एका घराने सरकलेली. यावर उपाय डेटाशीटमध्येच आहे, पण तिथे तो मंत्रासारखा दिलाय: ३ पाठवा, ३ पाठवा, ३ पाठवा, मग २. तीनदाच का?

एलसीडी तीनपैकी एका स्थितीत असू शकतो. तो ८ बिटांत असेल तर प्रत्येक ३ हा ‘८ बिटांत ये’ असा पूर्ण हुकूम ठरतो. तिन्ही वेळा तेच, काही बिघडत नाही. ४ बिटांत आणि जोडीच्या सुरुवातीला असेल तर पहिले दोन ३ मिळून तोच हुकूम होतो आणि तिसरा त्याला ८ बिटांत सापडतो. आणि ४ बिटांत, जोडीच्या मध्ये अडकलेला असेल तर पहिला ३ जुनी अर्धवट जोडी कशीबशी पुरी करतो आणि उरलेले दोन मिळून हुकूम होतो. कुठूनही निघा, तीन पायऱ्यांनंतर सगळे ८ बिटांत एकाच ठिकाणी उभे. मग एक २ पाठवला की तो ४ बिटांत येतो आणि जोड्या जुळलेल्या राहतात.

वीज आल्यावर सुरुवातीला थोडं थांबा (मी ५० मिलिसेकंद धरतो), पहिल्या ३ नंतर ५ मिलिसेकंद, दुसऱ्यानंतर एक. पुढे पूर्ण बाइटचे हुकूम, सगळे दशमानात सांगतो: ४० म्हणजे ४ बिट, दोन ओळी; ८ म्हणजे डिस्प्ले बंद; १ म्हणजे सगळं पुसा; ६ म्हणजे लिहिताना उजवीकडे सरका; १२ म्हणजे डिस्प्ले चालू, कर्सर नको. ही अख्खी माळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीला प्रत्येक वेळी. माझ्याकडे तेव्हापासून गिचमिड मजकूर आलेला नाही.

वेळेचं म्हणाल तर एक अपवाद सोडून चिंता नाही. साधा हुकूम पुरा करायला एलसीडीला ३७ मायक्रोसेकंद लागतात, आणि १०० किलोहर्ट्झच्या आय-टू-सीवर आपला एकेक बाइटच पत्त्यासकट सुमारे २०० मायक्रोसेकंद घेतो. आपण मुळातच हळू आहोत. अपवाद पुसण्याचा. त्याला दीड मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात पुढचा हुकूम धडकला तर तो हवेत जातो. म्हणून १ नंतर २ मिलिसेकंद झोप. नकली कंट्रोलरचा भरवसा नाही, मी ५ देतो. आणि दर सेकंदाला पुसून पुन्हा लिहू नका, स्क्रीन लुकलुकते. ओळ १६ अक्षरांपर्यंत रिकाम्या जागांनी भरून जुन्यावरच लिहा, जुनं आपोआप झाकलं जातं.

पहिली ओळ सुरू करण्याचा हुकूम १२८, दुसरीचा १९२. मधला फरक ६४ का, तर एलसीडीच्या आत प्रत्येक ओळीला ४० घरं आहेत आणि दुसरी ओळ ६४ व्या पत्त्यावर सुरू होते. आपल्याला त्यातली १६ दिसतात. लांब वाक्य पाठवलं की सतरावं अक्षर हरवतं ते इथे: ते हरवत नाही, काचेच्या बाहेरच्या घरात जाऊन बसतं. २० बाय ४ च्या डिस्प्लेला चार ओळींचे हुकूम १२८, १९२, १४८, २१२ असे उड्या मारत येतात.

मराठी लिहायची हौस मला होतीच. आतल्या अक्षरसंचात देवनागरी नाही. नेहमीच्या संचात जपानी कातकाना आहे, अंशाचं चिन्ह २२३ वर आहे. पण स्वतःची आठ अक्षरं घडवता येतात, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांचं. हुकूम ६४ अधिक अक्षराच्या क्रमांकाची आठपट, मग आठ बाइट, वरून खाली एकेक रांग. माझा ‘म’ असा: ३१, ९, ९, ९, ३१, २५, १, ०. कागदावर चौकटी आखून बघा, पहिला ३१ म्हणजे शिरोरेखा. आठही बाइट झाले की लगेच १२८ किंवा १९२ पाठवायला विसरू नका. विसरलात तर पुढचा मजकूर स्क्रीनवर न जाता अक्षरांच्या साच्यातच शिरतो आणि घडवलेला ‘म’ बघता बघता विद्रूप होतो.

‘तापमान’ हा शब्द या आठांच्या मर्यादेत मस्त बसतो. त, प, म, न आणि काना, पाच साचे, काना दोनदा वापरायचा; सहा घरांत शब्द पुरा. वेलांट्या-उकार आले की आठ ठिपक्यांच्या उंचीत दाटी होते, म्हणून असे शब्द शोधत बसावं लागतं. एक मात्र कोडने सुटत नाही: दोन घरांच्या मधे काचेतच फट असते, त्यामुळे शिरोरेखा प्रत्येक अक्षरागणिक तुटते. मी बरेच प्रकार केले. तुटकी शिरोरेखा ठेवलेलीच डोळ्याला बरी वाटते, काढून टाकली तर ‘प’ आणि ‘म’ ओळखू येत नाहीत.

प्रोसेसरचं तापमान थर्मल झोन शून्यच्या फाइलमध्ये अंशाच्या हजारपटीत मिळतं, त्याला १००० ने भागा. आयपी पत्ता होस्टनेम कमांडला मोठा ‘आय’ पर्याय देऊन. बूट होताच नेटवर्क आलेलं नसतं, तेव्हा उत्तर रिकामं येईल. प्रोग्रॅम कोसळू न देता थोड्या वेळाने परत विचारा. सगळं सिस्टमडीच्या (बूट होताना प्रोग्रॅम आपोआप चालू करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिसमध्ये घातलं की कपाटावर चढायची गरज उरत नाही. सर्व्हिस थांबवताना सिस्टमडी टर्म सिग्नल, म्हणजे ‘आता संप’ असा इशारा, देतं, आणि तो न झेलता पायथॉन तिथेच संपतो, शेवटची साफसफाई न करता. म्हणून त्या सिग्नलसाठी चार ओळींचा हँडलर लिहा: पुसा, दिवा विझवा.

तो हँडलरही पाय गोठला तर चालणार नाही. एलसीडीला ५ व्होल्ट मिळत राहतात आणि शेवटचा मजकूर तसाच दिसत राहतो. एकदा मी दोन दिवस ४६ अंश वाचत होतो आणि पाय केव्हाच अडकलेला होता. घरातला नेहमीचा (आयपीव्ही४) पत्ता लांबात लांब १५ अक्षरांचा असतो, सोळावं घर नेहमी मोकळं. तिथे आता एक तारा (*) दर सेकंदाला लागतो आणि विझतो.